तुम्ही दिलेला शर्ट आणि आमची माती

आदरणीय व्याहीबुवांस,

कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. (ती सध्या निम्म्यापर्यंतच देते, उरलेला निम्मा मनाने समजून घ्यावा.) इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुमच्याकडची खुशाली विचारायची म्हणजे नुसता उपचार, कारण तुमची लेक रोज सकाळी फोनवर तुमच्या गुडघ्याची, विहीणबाईंच्या खोकल्याची आणि दुकानातल्या मांजराची अशी तिघांची खबर घेते, आणि आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो. म्हणून तर हे पत्र. इथे फोनवर एकाने बोललं की पाच जण ऐकतात आणि त्यातला पाचवा आमचा शेजारी असतो, ज्याला आम्ही प्रेमाने बातमीदार म्हणतो. मला जे सांगायचं आहे ते फक्त तुमच्या-माझ्यातलं आहे. तेव्हा कृपा करून हे पत्र दुकानात, काउंटरच्या मागे बसून, चष्मा लावून, एकट्याने वाचा. विहीणबाई आल्याच तर वर कापडाचा ताका ठेवा.

मोठ्या रस्त्यावरच्या नव्या दुकानाचं सगळं कळलं. पाटी रंगवून झाली, काउंटर बसला, मागच्या खोलीत पोरांसाठी पलंगसुद्धा टाकलात. दीड महिन्यापूर्वी आमच्या चिरंजीवांनी “आम्ही दोघं येतो” म्हणून तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुमचा आवाज कसा एकदम हलका झाला होता तो मी या कानांनी ऐकला आहे. दोन दुकानं आणि एक चालता गुडघा, म्हणजे हाताशी घरचं माणूस हवंच, यात वाद नाही. आणि तरीही, व्याहीबुवा, हे पत्र त्या पलंगाच्या आड येणार आहे. रागावू नका, आधी मूळ सांगतो. (आमची घरची म्हणते, मी मूळ सांगायला लागलो की झाड वाळून जातं. पण तुम्ही गिऱ्हाइकाला पन्नास ताके उलगडून दाखवणारे गृहस्थ आहात, तुम्हाला धीर आहे.)

आमचं खालचं शेत तुम्ही पाहिलं आहे. लग्नाच्या बोलणीला आलात तेव्हा त्यातून चालताना तुम्ही म्हणाला होतात की काय छान टणक जमीन आहे, बुटाला जरा चिखल लागला नाही. तुम्ही कौतुकाने म्हणालात आणि मीही छाती फुगवून घेतली. माझ्या वडिलांच्या वेळी त्याच शेतात हात घातला तर मनगटापर्यंत जायचा. माझ्या तीस वर्षांत ते शेत इतकं टणक झालं की बातमीदार त्याला फरशी म्हणायला लागला आणि वर विचारायचा, रोज झाडता की पुसून घेता. दोष कुणाला देऊ? दर साली कापणी झाली की मी धसकटं पेटवून द्यायचो, कारण जळल्यावर शेत कसं स्वच्छ दिसायचं. (टक्कलही स्वच्छच दिसतं, पण ते काही केस उगवल्याचं लक्षण नव्हे.) ओल असताना ट्रॅक्टर घालायचो, कारण ट्रॅक्टरवाला त्याच दिवशी मोकळा असायचा. आणि खताच्या गोण्या म्हणाल तर वेळच्या वेळी. थोडक्यात, मी त्या मातीला वर्षातून चार वेळा गोळ्या दिल्या आणि जेवायला एकदाही वाढलं नाही.

मग तुमची लेक आमच्या घरात आली. कापडवाल्याची पोर, शेताकडे ढुंकून बघणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात ती खालच्या शेतात गेली, एक ढेकूळ उचललं, आणि तुम्ही ताक्याचं टोक अंगठ्यात नि बोटात धरून चोळता ना, अगदी तस्संच चोळून बघितलं. म्हणाली, मामा, ही माती फार घट्ट विणीची झाली आहे, हिच्यातून वारा जात नाही. मी चौथी शिकलेला, बाकीचं सगळं पडलेल्या कागदांवरून आणि पडलेल्या माणसांवरून शिकलेला. पण माती विणलेली असते हे मला साठीत पहिल्यांदा कळलं.

ते मला पटायला तीन वर्षं गेली, आणि पुढची तीन वर्षं तिने आम्हाला कामाला लावलं. धसकटं जाळायची नाहीत, तिथेच अंथरायची. नांगर खोल घालायचा नाही. दोन पिकांच्या मधे शेंगांचं काहीतरी पेरायचं आणि फुलावर आलं की मातीतच मोडायचं. (पहिल्यांदा ते मोडताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बातमीदार बांधावरून बघत होता, त्याने गावभर केलं की म्हाताऱ्याला वेड लागलं, उभं पीक आडवं केलं.) माझ्याकडे खतखड्ड्याचं खातं आलं. त्यात मी किती जीव ओतला हे आमच्या घरचीला विचारा, किंवा नका विचारू. झालं असं की सूनबाई म्हणाली, कुजायला लागलं की ढीग आतून चांगला तापला पाहिजे. आता तापला की नाही हे कळणार कसं? मी घरातला ताप बघायचा थर्मामीटर नेला आणि ढिगात कोपरापर्यंत खुपसला. तो एकदा ओरडला आणि कायमचा डोळे मिटून बसला. म्हणजे ढीग उत्तम तापला होता. त्याच आठवड्यात घरचीला ताप आला आणि थर्मामीटर सापडेना. तेव्हापासून माझी ख्याती अशी, की बायकोच्या कपाळाला हात लावायचा आळस, पण उकिरड्याची नाडी दिवसातून तीनदा बघतो.

गांडुळं मोजायचं कामही माझंच. फावडंभर माती उचलायची, गोणपाटावर पसरायची, मोजायचं. पहिल्या वर्षी दोन निघाली, त्यातलं एक बुटाची नाडी होती. दुसऱ्या वर्षी पाच. यंदा एका फावड्याला चौदा निघाली आणि मी त्यांना मोजून परत झाकताना चक्क माफी मागितली. चिरंजीव मात्र या सगळ्यात अर्ध्या मनाने होते. त्यांचं म्हणणं, गांडुळं वाढली हे ठीक, पण पीक अजून रांगतंच आहे. किती वर्षं मातीची सेवा करायची? त्यांचं चुकलं असंही नाही. तरुण माणसाला तीन वर्षं म्हणजे फार, आमच्यासारख्याला तीन वर्षं म्हणजे एक चष्मा.

अशात तुमच्या नव्या दुकानाचं बोलावणं आलं. चिरंजीवांना जायचं होतं, सूनबाईला माती सोडवेना. शेवटी सूनबाईनेच तोडगा काढला. ती कुठल्याशा शिबिरात ऐकून आली होती की मातीत जीव आहे की नाही हे बघायची एक सोपी परीक्षा असते: शुद्ध सुती कापड वीतभर खोल पुरायचं आणि दोन महिन्यांनी काढायचं. माती जिवंत असेल तर तिच्यातले किडे-जंतू कापड खाऊन त्याची जाळी करतात. मेलेली असेल तर गेलं तसं परत येतं. ठरलं असं की कापड जिरलं तर दोघं इथे राहतील, नाही जिरलं तर दुकानात येतील. पोर इतकी सचोटीची, की कापड निवडायचं आणि पुरायचं काम तिने माझ्यावर टाकलं. म्हणाली, जागा मला सांगूच नका, नाहीतर माझा हात तिथे खत जास्त टाकेल.

आता व्याहीबुवा, तुम्ही जरा पाणी प्या.

शुद्ध सुती म्हणजे शुद्ध सुती. मी कपाट उघडून बसलो. चादरीचा भरवसा नाही, पंचाला बायकोची परवानगी नाही. आणि मग मला आठवलं की घरात एकच कापड असं आहे ज्याला हमी आहे. लग्नात तुम्ही मला स्वतःच्या हाताने पांढरा शर्ट दिलात, छातीवर हात ठेवलात आणि भर मांडवात म्हणालात, “शंभर टक्के सुती. धागा न् धागा माझ्या जबाबदारीवर.” टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. तो शर्ट मी फार जपला. खरं सांगायचं तर घातलाही फारसा नाही, कारण घातला की घामाच्या धारा लागायच्या. मी समजायचो की मानाचं वस्त्र आहे, मानाने माणूस घामाघूम होतोच. सहा वर्षांत त्याला एक सुरकुती पडली नाही, इस्त्री लागली नाही. मी येईल त्याला दाखवायचो, बघा, व्याह्यांचा माल. त्या शर्टाला आमच्या घरी एकदाच हात लागला होता: लग्नानंतर माझं पोट जरा मोठ्या मनाचं झालं म्हणून आमच्या शिंप्याने त्याची बटणं काढून दोन बोटं पुढे लावून दिली होती. बस. तर तो शर्ट मी घडी घालून, जड मनाने, खालच्या शेतात पुरला. मोलाच्या परीक्षेला मोलाचं वस्त्र.

दोन महिन्यांनी सगळे जमलो. बातमीदारही आला, न बोलावता. मी फावड्याने माती बाजूला केली आणि शर्ट वर आला. नळाखाली धरला तर व्याहीबुवा, पांढराशुभ्र. बाही जागेवर, कॉलर ताठ. तारेवर टाकला तर वाऱ्यावर असा डोलायला लागला की आत्ता कुणाच्या तरी लग्नाला निघेल. बातमीदाराने विचारलं, इस्त्री कुठे केलीत. बटणं तेवढी एकही उरली नव्हती, पण ते माझ्या फावड्याच्या नावावर गेलं आणि त्याबद्दल मी दोन दिवस बोलणीही खाल्ली. सूनबाई पुढे झाली, बाहीचं टोक अंगठ्यात नि बोटात धरून जरासं चोळलं, आणि एक शब्द न बोलता फावडं उचलून खोपटात ठेवायला गेली. तिचं ते गप्प होणं माझ्या काळजात रुतलं. तीन वर्षं राबली पोर, आणि माती निघाली मेलेली. त्याच संध्याकाळी चिरंजीवांनी तुम्हाला फोन केला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

आता मागच्या आठवड्यातलं ऐका. घरची म्हणाली, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला व्याह्यांनी दिलेलाच शर्ट घालून जा, बरं दिसेल. जा, बटणं लावून आणा. मी शिंप्याकडे गेलो. हा शिंपी माझ्याबरोबर चौथीपर्यंत होता, तेव्हापासून त्याने माझा कधी आदर केलेला नाही. त्याने शर्ट उलटापालटा केला आणि म्हणाला, ही बटणं मी सुती दोऱ्याने दुहेरी टाके घालून लावली होती, माझं लावलेलं बटण माणसाबरोबरच जातं. दोरा कुणी खाल्ला? मी म्हटलं, फावड्याने तुटली असतील. तो म्हणाला, फावडं पाचही बटणं नेमकी तोडतं आणि कापडाला ओरखडा काढत नाही, असं फावडं मलाही आण. मग त्याने शिवणीच्या आतून एक धागा ओढला आणि त्याला काडी लावली. सूत असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती. हा धागा वितळला, गोळा झाला, आणि टपकन माझ्या चपलेवर पडला. वास आला तो जळक्या बादलीचा.

मी तिथल्या बाकावर बसलो. शिंपी म्हणाला, “लेका, तुझी माती मेलेली नाही, उपाशी आहे. तिच्या ताटात खाण्याजोगा होता तेवढा दोरा तिने खाल्ला. उरलेलं कोण खाणार, तू खाशील?”

व्याहीबुवा, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी त्याच्या कात्रीला मिठी मारणार होतो. पाच बटणांचे दोरे! दोन महिन्यांत फस्त! मी बाजारातून जवळजवळ धावत घरी निघालो (कंबर बघत राहिली), आणि फाटकाशी येऊन थबकलो. कारण आत सूनबाई भांडी बांधत होती, आणि माझ्या लक्षात आलं की मातीची अब्रू वाचवायची तर मला तिला सांगावं लागेल की तिच्या वडिलांनी भर मांडवात छातीवर हात ठेवून जे सांगितलं ते खरं नव्हतं. सासरी बसलेल्या लेकीला बापाबद्दल हे कोण सांगणार? मी नाही. माझी जीभ झडेल. मी आत गेलो, बटणं लावली म्हणालो, आणि तिने बांधलेल्या भांड्यांतून गुपचूप माझा पेला काढून घेतला.

माझी खात्री आहे की तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत. गिरणीवाल्याने तुम्हाला फसवलं असणार, किंवा लग्नाच्या गडबडीत ताका बदलला असणार, किंवा तुमच्या नोकराने, किंवा मांजराने. मी हवी ती सबब पुरवायला तयार आहे, तुम्ही नुसती निवडा. तुमच्या हमीने दिलेल्या बाकी दोन गोष्टी मी सहा वर्षं वापरून पाहतो आहे: एक तुमचा शब्द, की मुलगी कामाला वाघ आहे, आणि दुसरी स्वतः मुलगी. दोन्हींचा रंग गेलेला नाही. मग एका शर्टाचं काय घेऊन बसायचं?

विहीणबाईंच्या खोकल्याला कोमट पाणी. तुमच्या गुडघ्याला विश्रांती. मांजराला काय हवं ते त्यालाच विचारा.

आपला,
पोट सोडून बाकी सगळं आटोक्यात असलेला
व्याही

ता. क. खरं मागणं राहिलंच. हलवाहलव अजून दोन महिने लांबवा, आणि एक मीटर सुती कापड पाठवा. ते मी सगळ्यांसमोर पुरतो, म्हणजे शर्टाचा विषयच निघायला नको. दुकानाच्या माणसाचं मीही बघतो. आमच्या शिंप्याचा मुलगा संसारी माणूस आहे, कापड ओळखतो, काम शोधतो आहे. मात्र या खेपेला छातीवर हात ठेवण्याआधी कृपया कापडाला काडी लावून बघा.

आणखी ता. क. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडतो आहे. तुमच्या कापडाची वाट बघवेना म्हणून आज सकाळी घरचीच्या नकळत पंचा घेतला आणि खालच्या शेतात गेलो. शर्ट पुरला होता त्याच्या शेजारीच खणलं. पहिल्याच फावड्याला माती चुरमुऱ्यासारखी सुटली आणि आत काहीतरी पांढरं दिसलं. हाताने उकरलं तर कापड. कापड कसलं, कोळिष्टक. आरपार आभाळ दिसत होतं, कडेची एवढीशी पट्टी धड, आणि तिला एक जाडजूड गांडूळ लोंबकळत होतं. पट्टीवरची निळी रेघ ओळखीची वाटली: सूनबाईच्या जुन्या सुती चादरीची. मागे वळतो तर ती स्वतः पाण्याची कळशी घेऊन उभी.

म्हणाली, “मामा, ते परत झाका. अजून पंधरा दिवस आहेत.”

मी विचारलं, हे पुरलं कधी. म्हणाली, शर्ट निघाला त्याच दिवशी, फावडं ठेवायला गेले ना, तेव्हा. मला मग एकेक टाका उलगडत गेला. कापडवाल्याची पोर ती. बाही चोळली तेव्हाच तिला कळलं होतं. मी म्हटलं, अगं, मग सहा आठवडे बोलली का नाहीस? ती खाली बसली, माझ्या हातातून ती जाळी घेतली, हळूच मातीत ठेवली आणि वरून थोपटत म्हणाली, “तुम्ही तरी कुठे बोललात?”

मग आम्ही दोघं बराच वेळ नुसते माती थोपटत बसलो. गरजेपेक्षा जास्तच थोपटली.

शेवटचं ता. क. तेव्हा कापड पाठवू नका. बरोबर पंधरा दिवसांनी तुम्ही स्वतःच या आणि ती जाळी तुमच्या हाताने बाहेर काढा. शर्टाबद्दल मी बोलणार नाही, ती बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. पत्र वाचून झालं की त्याला काडी लावा, हे खरोखर जळेल. चिरंजीवांना आज ती जागा दाखवली. संध्याकाळी भांड्यांच्या गाठोड्याची गाठ सुटलेली होती आणि त्यांनी मला विचारलं की पुढच्या हंगामात शेंगांचं बी किती लागेल. तुमचा शर्ट वाया गेलेला नाही. नवी बटणं लावून तो खालच्या शेतात बुजगावण्याला घातला आहे. ऊन, वारा, पाणी, काही म्हणता काही होत नाही. पाखरं त्याला टरकून आहेत आणि बातमीदार रोज लांबून नमस्कार करतो, त्याला वाटतं मीच उभा आहे. या खेपेला जुने बूट घालून या, चिखल लागेल. परत जाताना डबाभर माती बांधून देईन, दुकानाच्या दारात एखादं झाड लावा. शंभर टक्के जिवंत. हात छातीवर ठेवून सांगतो, कण न् कण माझ्या जबाबदारीवर.